धरते कुठे, सोडते कुठे

बिदरच्या उस्मानगंजात किंवा कलबुर्गीच्या सुपर मार्केट भागात हार्डवेअरच्या दुकानी जाऊन नुसते ‘टेप द्या’ म्हटले, तर दुकानदार आधी विचारतो, कशाला पाहिजे? त्याचे बरोबरच आहे. त्याच्या मागच्या फळीवर पार्सलची तपकिरी टेप असते, वायरमनची काळी असते, नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन असते, रंगाऱ्याची कागदी असते, दोन्ही अंगांनी चिकटणारी फोमची असते. गेल्या काही वर्षांत त्यांत दोन चंदेरी टेपांची भर पडली आहे. एक राखाडी झाक असलेली, कापडी पोटाची डक्ट टेप. दुसरी छताच्या गळतीसाठी विकली जाणारी, वरून ॲल्युमिनिअमचा चकचकीत पातळ पापुद्रा आणि खाली काळा चिकट थर असलेली. गिऱ्हाईक दोघींनाही ‘ती चांदीवाली’ म्हणते आणि पुष्कळदा नको ती घेऊन घरी जाते.

डक्ट टेपचे पन्नास उपयोग, शंभर उपयोग अशा याद्या जगभर फिरत असतात. त्या बहुतेक थंड मुलखातल्या, लाकडी घरे आणि गॅरेज असलेल्या माणसांनी केलेल्या. त्यांतली निम्मी कामे औराद किंवा आळंद तालुक्यातल्या घरात कधी निघतच नाहीत. आपल्याकडे जी निघतात, म्हणजे ताडपत्री फाटणे, ठिबकची नळी फुटणे, पत्र्याच्या बोल्टातून पाणी टपकणे, कूलरच्या कडेने झळा आत येणे, ती त्या याद्यांत नसतात. म्हणून याद्या बाजूला ठेवून, बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या उन्हात, धुळीत आणि पावसात ही टेप कुठे धरते आणि कुठे सोडते, एवढेच इथे पाहू.

तिचा जन्म युद्धातला. १९४३ साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ग्रीन रिव्हर ऑर्डनन्स प्लांट या दारूगोळ्याच्या कारखान्यात व्हेस्टा स्टाउट ही बाई काम करत होती. तिची दोन मुले नौदलात होती. काडतुसांच्या खोक्यांना कागदी पट्टी लावून वर मेण चढवत, आणि ओढून उघडायला एक टोक मोकळे ठेवत. ते टोक ओढले की तुटायचे, आणि ऐन गोळीबारात सैनिक खोके नखांनी खरवडत बसणार, हे तिच्या ध्यानात आले. कागदाऐवजी मजबूत, पाणी न शिरणाऱ्या कापडाची पट्टी लावा, असे तिने वरिष्ठांना सुचवले. काही हालचाल दिसेना तेव्हा १० फेब्रुवारी १९४३ रोजी तिने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिले. पत्र युद्धोत्पादन मंडळाकडे गेले, सूचना मान्य झाली आणि जॉन्सन अँड जॉन्सनने ती पट्टी तयार केली. तेव्हा तिचा रंग लष्करी हिरवा होता. युद्धानंतर घरांतल्या गरम-गार हवेच्या पत्र्याच्या नळ्यांचे, म्हणजे डक्टांचे, सांधे बुजवायला ती वापरात आली आणि पत्र्याशी जुळावी म्हणून चंदेरी झाली. इथे सांगून ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की ही पट्टी मुळात खोके बंद करण्यासाठी होती, तीही गरज पडताच हाताने ओढून काढता यावी म्हणून. तिच्या अंगचे गुणदोष या पहिल्या कामातच दिसतात.

अंग म्हणावे तर तीन थरांचे, गोधडीसारखे. वर पॉलिथिनचा पडदा, मध्ये सुताची विरळ जाळी, खाली रबरयुक्त गोंद. पडदा पाणी अडवतो. जाळी बळ देते आणि टेप हाताने आडवी, सरळ रेषेत फाडू देते. ब्राऊन टेपला जी कात्री किंवा दात लागतात ते हिला लागत नाहीत, आणि शेतात किंवा छतावर उभे असताना हा गुण मोलाचा ठरतो. गोंद जाड असल्यामुळे खडबडीत विटेवर, लाकडावर, पत्र्यावर तो खाचाखोचांत शिरून बसतो. हा गोंद वाळून घट्ट होत नाही, कायम मऊच राहतो. म्हणून लावल्या क्षणी पकडतो, आणि म्हणूनच उन्हात पातळ होऊन घसरतो.

कलबुर्गीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणे नवलाचे नाही. सावलीतल्या पाऱ्याचा आकडा हा. त्याच दिवशी दुपारी पत्र्यावर हात टेकवत नाही. बिदर पठारावर, कलबुर्गीपेक्षा दोनशे मीटरहून अधिक उंच, म्हणून थोडे सुसह्य, पण पत्रा तिथेही पत्राच. अशा पत्र्यावर लावलेली डक्ट टेप पहिल्या उन्हाळ्यातच कडेने सुटते, वरचा पडदा ऊन खाऊन पिठूळ होतो, जाळीचे दोरे उघडे पडतात आणि पत्र्यावर काळपट चिकटा तेवढा उरतो. हे केवळ आपल्या उन्हाचे गाऱ्हाणे नव्हे. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत मॅक्स शेरमन आणि इयान वॉकर या संशोधकांनी १९९८ मध्ये हवेच्या नळ्यांचे सांधे निरनिराळ्या पदार्थांनी बुजवून त्यांना उष्णतेत ठेवून पाहिले. बाकीचे पदार्थ टिकले, कापडी डक्ट टेपने मात्र दगा दिला. ज्या कामावरून तिचे नाव पडले, नेमक्या त्याच कामाला ती नालायक ठरली.

दुसरा शत्रू धूळ. काळ्या रानाची धूळ पिठासारखी बारीक असते. वाडी, शहाबाद, सेडमच्या बाजूला तिच्यात चुनखडीची आणि सिमेंटची भुकटी मिसळलेली. फडक्याने पुसलेल्या जागेवरही तिचा पातळ थर राहतो, आणि गोंद वस्तूला न चिकटता त्या थराला चिकटतो. धुळीपुढे चंद्रावरही टेप हरली होती. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ च्या मोहिमेत अंतराळवीर यूजीन सर्नन यांच्या हातोड्याचा धक्का लागून चांद्रगाडीच्या मागच्या चाकाचा मडगार्ड तुटला. त्यांनी तो डक्ट टेपने जोडला, पण सगळीकडे चंद्राची धूळ. टेप नीट बसली नाही आणि जोड पुढे निखळला. दुसऱ्या दिवशी बाहेर पडण्याआधी यानाच्या आत, स्वच्छ जागी, चार नकाशे एकमेकांना टेपने जोडून त्यांचा नवा मडगार्ड केला आणि तो चिमट्यांनी गाडीला अडकवला. तो टिकला. टेपची कीर्ती सांगताना हा प्रसंग हमखास सांगतात, पण टेपने काम केले ते कोरड्या, स्वच्छ कागदावर. गाडीला धरून ठेवायचे काम चिमट्यांनी केले, हा भाग सहसा सांगण्यातून निसटतो.

तिसरा अडसर उन्हाचा नाही, धुळीचा नाही. तो वस्तूच्या जातीचा आहे. ठिबकच्या काळ्या लॅटरल नळ्या, एचडीपीईचे पाइप, खताची विणीव गोणी, प्लास्टिकची घागर या सगळ्या वस्तू पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या. या प्लास्टिकचा पृष्ठभागच असा, की त्यावर कुठलाच साधा गोंद मनापासून बसत नाही. डक्ट टेपचा वरचा पडदाही पॉलिथिनचाच. त्या पडद्यावरून गोंद सहज सुटतो म्हणून तर टेपचे भेंडोळे उलगडता येते. मग तोच गोंद ठिबकच्या नळीवर, तेही आतून पाण्याचा जोर असताना, टिकावा अशी अपेक्षा का करायची? लॅटरल फुटली तर तेवढा तुकडा कापून काढून जॉइनर घालावा. दोन-तीन रुपयांच्या आतबाहेरची वस्तू आहे, मूठभर घरात असावी. पीव्हीसी पाइपचा सांधा गळत असेल तर तो वाळवून सोल्युशन लावावे. गोणी फाटली तर दाभण आणि सुतळी. पाठीवरच्या फवारणी पंपाची नळी किंवा नोझलचा सांधा तर टेपने मुळीच बांधू नये. तिथे दाब असतो, आणि औषधातले द्रावक गोंद विरघळवतात. विष पाठीवर आणि हातावर ओघळते.

एवढे दोष ऐकल्यावर कोणीही विचारील, मग आजवर इथली माणसे काय करत होती? उत्तर प्रत्येक पंक्चरच्या दुकानाबाहेर लटकलेले असे: ट्यूबची पट्टी. सायकलची किंवा ट्रॅक्टरची बाद ट्यूब बोटभर रुंद लांबच लांब कापायची, ताणून ताणून वेढे द्यायचे आणि शेवटचे टोक आधीच्या वेढ्याखाली खोचायचे. मोटेच्या जागी इंजिन आले, इंजिनाच्या जागी वीजपंप आला, पण फुटलेल्या पाइपावर ही पट्टी कायम राहिली. तिच्यामागची युक्ती पाहण्यासारखी आहे. तिला गोंद लागत नाही, म्हणून ओल, धूळ, तेल यांचे तिला काही वाटत नाही. ताणलेले रबर मूळ लांबीकडे यायला बघते आणि आतल्या वस्तूला आवळते. प्रत्येक नवा वेढा खालच्या वेढ्यांचा दाब वाढवतो. पाणी आतून जितके ढकलेल, त्याहून जास्त बाहेरून दाबायचे, एवढाच हिशोब. कोयत्याच्या मुठीवर, कुदळीच्या दांड्यावर, बैलगाडीच्या चिरलेल्या साटीवर, बोअरमध्ये सोडायच्या मोटरीची केबल पाइपाला बांधायला हीच पट्टी चालते. डक्ट टेपची बढाई मारणाऱ्या माणसाने एकदा फुटलेल्या पाइपावर दोन्ही लावून पाहाव्यात. माझे मत विचाराल, तर पाण्याच्या आणि दाबाच्या कामात आपली फुकटातली पट्टी त्या परदेशी भेंडोळ्याला सहज मागे टाकते.

आणि इथेच त्या दुसऱ्या चांदीवालीचा उलगडा होतो. छताच्या गळतीसाठी जी ॲल्युमिनिअमच्या पापुद्र्याची टेप विकली जाते, तिच्या खालचा काळा थर ब्यूटाइल रबराचा असतो. हे रबर १९३७ मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी शोधले. हवा धरून ठेवण्यात ते फार पटाईत, म्हणून पुढे टायरच्या ट्यूबांसाठी ते सर्रास वापरू लागले. म्हणजे शेतकरी पंक्चरवाल्याकडून उचलत होता ती बरीचशी ट्यूब आणि ही महागडी टेप, एकाच रबराच्या घरातल्या. वरचा ॲल्युमिनिअमचा पापुद्रा ऊन परतवतो, खालचे रबर सांध्यात दबून बसते, आणि पत्र्यावर ही टेप खरोखर उपयोगी पडते. पत्र्याच्या हुकबोल्टाभोवती, दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे, पत्रा आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात डक्ट टेप नको, ब्यूटाइल टेप हवी. मात्र गंज खरवडून काढल्याशिवाय, पत्रा धुऊन वाळवल्याशिवाय तीही बसत नाही. पावसाला सुरुवात झाल्यावर ओल्या पत्र्यावर चढून लावलेली टेप म्हणजे पैसे पन्हळीतून सोडणे. हे काम मेअखेर, मृगाच्या आधी उरकावे.

माळवदाच्या घराला यांतली एकही टेप कामाची नाही. माती आणि लाकडाच्या छताला पांढरी मातीच लागते. ती दर वर्षी उन्हाळ्यात घालायची, चोपायची. शहाबादी फरशीच्या छताचेही तसेच. दोन फरश्यांमधला सांधा उन्हात मिटतो आणि रात्री उघडतो, त्या हालचालीत टेपची कड उचलली जाते. तिथे जुना मसाला उकरून सांधा नव्याने भरणे एवढाच इलाज. चुन्याने काय धरून ठेवता येते हे पाहायचे असेल तर बिदरमधल्या महमूद गवानच्या मदरशापुढे उभे राहावे. १४७२ च्या त्या इमारतीचा एक भाग सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात उडाला, तरी उरलेल्या दर्शनी भिंतीवर निळ्या-पांढऱ्या चिनी कामाच्या फरश्यांचे तुकडे आजही आहेत.

मग डक्ट टेप घरात ठेवायचीच कशाला? ठेवावी. जिथे जागा कोरडी आहे, ऊन थेट येत नाही, दाब नाही, आणि मुख्य म्हणजे लावलेली वस्तू पुन्हा काढायची आहे, तिथे तिच्या तोडीचे दुसरे काही नाही.

कूलरचेच घ्या. कलबुर्गीत मार्चपासून खिडक्यांना कूलर लागतात. खिडकी आणि कूलर यांची मापे कधी जुळत नाहीत. कडेच्या फटीत पुठ्ठा, थर्मोकोल, जुने फ्लेक्स कोंबलेले असते. हा पुठ्ठा खोलीच्या आतल्या बाजूने डक्ट टेपने चौकटीला चिकटवला तर गरम हवा, धूळ आणि डास तिन्ही अडतात, आणि पाऊस सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांत सगळे काढता येते. चौकटीवर राहिलेला चिकटा खोबरेल तेल चोळून थोड्या वेळाने पुसला की निघतो. कूलरच्या गंजलेल्या टाकीचे भोक मात्र हिने बुजत नाही. पाण्यात बुडालेला गोंद फार दिवस धरत नाही. टाकी रिकामी करून, वाळवून, घासून एम-सील लावावे.

ताडपत्रीचे काम याहून महत्त्वाचे, कारण ते ऐन सुगीत निघते. सोयाबीन काढून ठेवले आहे, आभाळ भरून आले आहे आणि ताडपत्रीला हातभर चीर आहे. ताडपत्री प्लास्टिकची, म्हणजे वर सांगितलेली अडचण इथेही आहे. त्यावर तोड अशी: चिरेच्या कडा एकमेकींपासून बोटाच्या पेराएवढ्या दूर ठेवायच्या, आणि वरून एक, खालून एक अशा दोन पट्ट्या समोरासमोर लावायच्या. मधल्या मोकळ्या जागेत गोंदाला गोंद भेटतो आणि तो जोड प्लास्टिकच्या पकडीवर अवलंबून राहत नाही. एवढ्यावर हंगाम निघतो. कोपऱ्यातले लोखंडी डोळे उपटून गेले असतील तर कोपरा दोन-तीनदा दुमडून त्यावर टेप गुंडाळावी, मध्ये एक गोटी किंवा खडा ठेवावा आणि दोरीचा फास खड्यामागे आवळावा. ही खड्याची युक्ती गुराख्यांना टेपच्या आधीपासून ठाऊक आहे. टेपने फक्त प्लास्टिक फाटायचे थांबते.

सप्ताह, उरूस, लग्न, गणपती या चारही ठिकाणी हिचे एक काम ठरलेले असते. औराद, भालकी, बसवकल्याणच्या मराठी गावांत अखंड हरिनाम सप्ताह बसला की माइकच्या, दिव्यांच्या केबली मंडपाच्या जमिनीवरून धावतात आणि दिंडी, पंगत, लहान पोरे त्यांवरूनच जातात. केबल आडवी जाते तिथे तिच्यावर सलग टेप लावली तर पाय अडकत नाही. फरशी असेल तर हे छान जमते; सारवलेल्या जमिनीवर अजिबात जमत नाही, तिथे केबल वरून नेणे बरे. फोटोग्राफर आणि स्टेजवाले यासाठी मॅट कापडाची वेगळी टेप वापरतात. ती चकाकत नाही आणि काढल्यावर मागे चिकटा ठेवत नाही, पण तिचा भाव ऐकून मंडपवाला डक्ट टेपच घेतो.

पंगतीवरून भांडी आठवली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून घ्यायची रीत जुनी, पण आता पुष्कळ भांडी नाव न घालताच घरात येतात, आणि महाप्रसादाला दहा घरांची पातेली एकत्र झाली की ओळख पटत नाही. पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला, काठाजवळ, टेपचा छोटा तुकडा आणि त्यावर मार्करने नाव. परत आल्यावर ओढून काढायचा. चुलीवर चढणाऱ्या भांड्याला अर्थातच हे नको. नाव लिहिण्याची ही सोय मला टेपच्या सगळ्या उपयोगांत सर्वांत कमी वाखाणलेली वाटते. बियाण्याच्या डब्यावर वाण आणि साल, स्टार्टरच्या पेटीवर कुठली कळ कुठल्या मोटरीची, फवारणीच्या वेगळ्या ठेवलेल्या मापावर ‘औषध’ असा ठळक इशारा. या जिल्ह्यांत ते मराठीत लिहावे, कन्नडमध्येही लिहावे. रोजंदारीवर आलेल्या माणसाला कोणती लिपी वाचता येते हे आधी कळत नाही, आणि विषाच्या बाबतीत तर दोन्ही हव्यातच.

कागदपत्रांची पिशवी हेही तिचे काम. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला मोठा पूर आला आणि अफझलपूर तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. अशा वेळी जमिनीची पहाणी, आधार, बँकेचे पासबुक, पोरांच्या गुणपत्रिका वाचवायच्या असतात. जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड तीन घड्या दुमडून त्यावर सलग टेप, आणि ती पिशवी पुन्हा दुसऱ्या पिशवीत उलट्या तोंडाने. ही पाण्यात दिवसभर बुडून राहायला नाही. पण घरातून निघून शाळेच्या इमारतीपर्यंत पोचेस्तोवर कागद कोरडे ठेवायला पुरते. टेप मात्र कागदाला लावू नये. फाटलेल्या पहाणीवर, घरातल्या जुन्या पोथीवर, आजोबांच्या हिशोबाच्या वहीवर डक्ट टेप तर नाहीच, साधी पारदर्शक चिकटपट्टीही नको. काही वर्षांत गोंद पिवळा पडतो, त्यातले तेल कागदात उतरते, अक्षरांवर डाग येतो आणि पट्टी गळून पडली तरी डाग राहतो. जुना कागद जोडणारे जाणकार खळ आणि पातळ हातकागद वापरतात, कारण ते पाण्याने पुन्हा सोडवता येतात. शाळेच्या वहीच्या पाठीवर हवी तेवढी टेप लावा. ती वही मार्चपर्यंतच टिकायची आहे.

पोरांच्या जगात टेपला सर्वांत मोठा मान क्रिकेटमध्ये. बॅटची कड उकलली, पात्याला बारीक चीर गेली की आडवे वेढे देऊन ती आणखी काही सामने चालवतात, आणि मुठीवर ट्यूब ओढून वर टेप मारतात. पाकिस्तानात, कराचीत सुरू झालेल्या टेप-बॉल क्रिकेटमध्ये टेनिसच्या चेंडूलाच टेप गुंडाळतात, म्हणजे तो जड होतो आणि हवेत वळतो. पण ती टेप वायरमनची, पीव्हीसीची. डक्ट टेपचे चेंडूवर काम नाही, ती जाड पडते आणि घडीला सुरकुत्या येतात. शाळेच्या प्रदर्शनात मात्र पुठ्ठ्याचा किल्ला, पाण्याच्या बाटल्यांची पवनचक्की, झाडूच्या काड्यांचा पूल उभा करायला तीच लागते. दोन पट्ट्या गोंदाला गोंद लावून पाकीट, कंपासची पिशवी, पट्टा बनवणारी मुलेही दिसतात. या वस्तू टिकाऊ नसतात, पण सुट्टी मजेत जाते.

आता जिथे ही टेप नको म्हणजे नकोच, ते सांगतो. वीज पहिली. उघड्या पडलेल्या वायरीला डक्ट टेप लावू नका. तिच्यातले सूत ओल धरते, गोंद उन्हात सरकतो, आणि ॲल्युमिनिअमच्या पापुद्र्याची टेप तर स्वतःच वीज वाहून नेते. शेतपंपाची तीन फेजची लाइन चारशे व्होल्टच्या वरची. ओल्या वाफ्यात अनवाणी उभ्या माणसाला ती सवड देत नाही. वायरीला काळी पीव्हीसी टेप, आणि पाण्यात जाणाऱ्या केबलच्या जोडाला त्याच कामाची रबरी टेप आणि वरून पीव्हीसी, तीही माहितगार माणसाच्या हातून. दुसरा गॅस. शेगडीच्या नळीला चीर दिसली तर रेग्युलेटर बंद करून नळी बदलावी. तिथे कुठलीही टेप, कुठलीही पट्टी, एक रात्रसुद्धा नको. तिसरा साप. सुगीत, गंजीखाली हात घालताना दंश होतो, आणि हाताशी असेल ते आवळून बांधायची घाई होते. आवळून बांधल्याने विष थांबत नाही, अवयव मात्र जाऊ शकतो. हात किंवा पाय न हलवता फळीला सैल बांधावा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठावा. फळी बांधायलासुद्धा टेपपेक्षा उपरणे बरे, ते सूज आली की सैल करता येते.

औषधाच्याच अंगाने एक मजेदार वाद आहे. चामखिळीवर डक्ट टेप लावून ठेवली की ती जाते, असा एक अभ्यास अमेरिकेतल्या लष्करी रुग्णालयातून २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. गोठवून जाळण्यापेक्षा टेपच सरस, असा त्याचा निष्कर्ष. २००६ मध्ये नेदरलँड्समधल्या शाळकरी मुलांवर आणि २००७ मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांवर पुन्हा पाहिले, तेव्हा टेपचा म्हणावा तसा गुण दिसला नाही. २००७ च्या अभ्यासात टेपचा गोंद वेगळा होता म्हणून वाद पुरता मिटलेला नाही. कलबुर्गीच्या घामात बोटाला दिवसेंदिवस टेप टिकणे मुश्कील, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न आपोआप सुटला आहे.

लावायची पद्धत तीन वाक्यांत मावते, पण तीच पाळली जात नाही. जागा ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी, तेलकट असेल तर साबणाने धुवावी. टेपचे कोपरे कात्रीने गोल कापावेत, कारण चौकोनी टोक आधी उचलते. आणि लावल्यावर अंगठ्याने, चमच्याच्या पाठीने जोर देऊन घासावे. भेंडोळे ठेवायलाही जागा लागते. पत्र्याच्या शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या पेटीत पडलेली टेप उन्हाळ्यानंतर कडेने गळते आणि माती धरते; पिशवीत गुंडाळून घरातल्या थंड कोनाड्यात ठेवलेली वर्षानुवर्षे चालते. उलट डिसेंबरात बिदरच्या थंडीत पहाटे ती चिकटेनाशी होते, तेव्हा भेंडोळे थोडा वेळ उन्हात ठेवावे किंवा काखेत धरावे.

दुकानदारांना सध्या वेगळाच पेच पडला आहे. मोटरसायकलींचे टायर ट्यूबलेस होत चालले, सायकली कमी झाल्या, आणि पंक्चरच्या दुकानाबाहेरचा तो काळा झुपका बारीक होत चालला आहे. ट्रॅक्टरच्या ट्यूबा अजून निघतात, पण त्यांची पट्टी जाड, बारीक नळीला बसत नाही. तिच्या जागी गिऱ्हाईक डक्ट टेप नेते आणि आठवड्याने शिव्या देत परत येते. खरी जागा घेऊ शकणारी वस्तू बाजारात आहे: सिलिकॉनची, गोंद नसलेली, स्वतःच्याच अंगाला चिकटून एकजीव होणारी टेप. तीही ताणूनच गुंडाळायची असते, ऊन सोसते, ओल्या पाइपावरही बसते. भाव मात्र डक्ट टेपच्या कितीतरी पट, आणि भेंडोळे छोटे. ज्याच्या रानात पाण्याच्या पाळीला वीज रात्री तीन तासच येते आणि पाइप नेमका तेव्हाच फुटतो, त्याने तिचे एक भेंडोळे विहिरीवरच्या पेटीत ठेवावे. बाकीच्यांनी पंक्चरवाल्याशी ओळख टिकवावी आणि बाद ट्यूब दिसली की मागून घ्यावी.